सात फुटी भिंतीमागचा चोर

सांगलीच्या विश्रामबागेत घर बांधलं तेव्हा आम्ही पहिला हात सैल सोडला तो कंपाउंडसाठी. सात फुटी भिंत, वर सिमेंटात रोवलेल्या काचा. पुढं मे महिन्यात चार दिवस गावाला गेलो. परत येऊन बघतो तर मागच्या खिडकीचं ग्रिल कापलेलं आणि काचांवर दुहेरी घडी घातलेलं गोणपाट. पंचनाम्याला आलेले हवालदार भिंतीकडं बघत म्हणाले, "एकदा आत उतरल्यावर त्याला बघणार कोण होतं? निवांत काम केलंय."

त्या वाक्यात एक अख्खं शास्त्र आहे. अमेरिकेतले गुन्हेशास्त्रज्ञ सी. रे जेफ्री यांनी १९७१ मध्ये त्याला नाव दिलं : 'क्राइम प्रिव्हेन्शन थ्रू एन्व्हायर्न्मेंटल डिझाइन'. त्याचा अर्थ एवढाच, की परिसराची रचनाच अशी करायची की गुन्हा करणं अवघड व्हावं. १९७९ मध्ये कोहेन आणि फेल्सन या दोघांनी त्यामागचं गणित मांडलं. चोरीसाठी तीन गोष्टी एका जागी, एका वेळी जुळाव्या लागतात : चोरायला तयार असलेला माणूस, नेण्याजोगा माल आणि अडवणाऱ्याचा अभाव. पहिल्याचं मन वळवणं आपल्या हातात नाही. तिसरी गोष्ट मात्र गवंड्याच्या हातात असते. आमच्या गवंड्यानं ती चोराला बांधून दिली होती, तीही आमच्याच पैशानं.

गावभागातली जुनी घरं आठवा. दार थेट रस्त्यावर, दाराला लागून कट्टा. संध्याकाळी त्यावर कुणी शेंगा निवडतंय, कुणी नुसतंच बसलंय. बोळात अनोळखी माणूस शिरला की "कुणाकडं जायचंय?" हा प्रश्न आलाच. जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या गल्ल्यांबद्दल हेच लिहिलं होतं : रस्त्यावर माणसांचे डोळे हवेत. अर्थात या डोळ्यांचा जाच काय असतो, तो गावभागातल्या कॉलेजच्या मुलींना विचारा. फुकट काही मिळत नाही.

डोळे असले तरी जागा आपली वाटावी लागते. अमेरिकेत सेंट लुईसमध्ये १९५०च्या दशकात प्रुइट-आयगो नावाची वसाहत उभी राहिली. अकरा मजल्यांच्या ३३ इमारती. ऑस्कर न्यूमन या वास्तुरचनाकारानं तिथं एक गंमत टिपली. दोन कुटुंबांत मिळून जिन्यापुढची एक मोकळी जागा असेल तिथं झाडलोट व्हायची, आलागेला कळायचा. वीस कुटुंबांच्या सामायिक व्हरांड्यात मात्र दिवे फुटलेले आणि घाण साचलेली. सगळ्यांची जागा म्हणजे कुणाचीच नाही. १९७२ पासून त्या इमारती पाडायला लागले. दोष एकट्या नकाशाचा नव्हता. गरिबी होती, देखभालीला पैसा नव्हता. तरी आपल्या अपार्टमेंटचं पार्किंग आणि लेआउटमधली गवत माजलेली ओपन स्पेस बघितली की न्यूमन आठवतो.

दिव्यांचं प्रकरण जरा नाजूक आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी वसाहतींतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काही ठिकाणी जादा दिवे लावले. तिथले रात्रीचे उघड्यावरचे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. पण म्हणून चौकात उंच खांबावरचा एक झगझगीत हायमास्ट दिवा उभारला की झालं, असं नाही. लख्ख उजेडाला सरावलेल्या डोळ्याला अंधारात पुरतं दिसायला वीस-तीस मिनिटं लागतात. त्यामुळं हायमास्टखालून बाजूच्या बोळाकडं बघितलं तर नुसतं काळं दिसतं. एका मोठ्या दिव्यापेक्षा थोड्या थोड्या अंतरावरचे मध्यम दिवे बरे. रंगाचंही तसंच. जुन्या पिवळ्या सोडियमच्या दिव्याखाली रंग नीट ओळखू येत नाहीत. गंठण हिसकावून पळालेल्याचा शर्ट निळा होता की काळा, हे साक्षीदारानं सांगायचं कसं?

एक शंका हमखास निघते : चोर या गल्लीतून त्या गल्लीत जाईल, एवढंच ना? काही प्रमाणात जातो. पण अभ्यासांत बहुतेकदा असं दिसतं, की अडवलेले सगळेच गुन्हे शेजारी सरकत नाहीत. बऱ्याच चोऱ्या संधी दिसली म्हणून होतात.

आम्ही गेल्या दिवाळीआधी भिंत चार फुटांवर आणली आणि वर जाळी बसवली. जाळीवर वेल चढवायचा मोह आवरला. आता अंगणात पापड वाळत घातले की समोरच्या काकू रस्त्यातूनच विचारतात, "उडदाचे का नाचणीचे?"