कोंबड्यांतील लुळेपणा

पाय, पंख किंवा मान यांच्या स्नायूंवरचा ताबा अंशतः वा पूर्णपणे सुटण्याची कोंबड्यांतील अवस्था. हा स्वतंत्र रोग नव्हे. संसर्ग, जीवनसत्त्वांची न्यूनता, विषबाधा आणि इजा अशा अनेक कारणांचे ते बाहेरून दिसणारे लक्षण आहे. मराठी पशुवैद्यकीय लेखनात यासाठी ‘पक्षाघात’ ही संज्ञाही आढळते. मात्र तिचा रूढ अर्थ शरीराची एक बाजू जाणे असा असून कोंबड्यांत तसे क्वचितच घडते. म्हणून या नोंदीत ‘लुळेपणा’ हा शब्द पत्करला आहे.

परसातील कोंबड्यांचा विचार व्यावसायिक शेडपासून वेगळा करावा लागतो. खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना पहिल्या दिवसाची लस मिळालेली नसते. पिल्ले, तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) आणि जुन्या कोंबड्या एकाच खुराड्यात रात्र काढतात, आणि खाद्य घरात जे उरेल त्यावर ठरते. ‘पाय गेला’ एवढ्या वर्णनामागे त्यामुळे निरनिराळी कारणे असू शकतात.

मारेक रोग : हंगेरियन पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये पाय व पंख लुळे पडलेल्या चार कोंबड्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्या विकाराला अनेक तंत्रिकांचा (मज्जातंतूंचा) दाह मानले. त्या चार पक्ष्यांना आज ज्याला मारेक रोग म्हणतात तोच विकार झाला होता काय, हे निर्विवाद सिद्ध करता येत नाही; त्या वेळी विषाणू वेगळा काढण्याचे साधन नव्हते. तंत्रिकामुळांतील बदलांचे त्यांनी केलेले वर्णन मात्र आजच्या चित्राशी इतके जुळते की बहुतेक अभ्यासक ओळख मान्य करतात, आणि ते योग्य वाटते.

पुढची चार-पाच दशके घोटाळ्याची गेली. अमेरिकेत पॅपनहायमर आणि सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात या रोगात तंत्रिकांबरोबर अंडाशयातही गाठी होतात असे दाखवले. त्याआधी १९०८ मध्ये कोपनहेगनचे एलरमान व बांग यांनी कोंबड्यांतील रक्ताचा एक कर्करोगसदृश विकार संक्रामक असल्याचे सिद्ध केले होते. दोन्हींत गाठी दिसत असल्याने अनेकांनी त्यांना एकाच रोगसमूहात टाकले. हे एकत्रीकरण संशोधनाला महाग पडले, कारण दोन्ही रोगांचे विषाणू पूर्णपणे भिन्न गटांतले निघाले. १९६० च्या सुमारास ‘मारेक रोग’ हे नाव वेगळे ठेवण्याचे ठरले. त्यानंतर लवकरच, १९६७ मध्ये, इंग्लंडमधील हॉटन येथील संशोधन केंद्रात चर्चिल व बिग्ज यांनी त्यामागे हर्पिस गटातील विषाणू असल्याचे दाखवले. पिसांच्या मुळांशी असलेल्या पेशींत पूर्ण वाढलेला, संसर्गक्षम विषाणू तयार होतो, हे १९७० मध्ये कॅलनेक व सहकाऱ्यांनी मांडले. पिसांच्या कोंड्याबरोबर तो धुळीत मिसळतो आणि खुराड्यात महिनोन्‌महिने टिकतो. अंड्यावाटे मात्र तो आईकडून पिल्लात जात नाही. परसात याचा अर्थ एवढाच की पिल्लू निर्दोष जन्मते आणि पहिल्या काही दिवसांत आईच्या पंखाखालीच संसर्ग घेते.

लुळेपणा बहुधा तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात, तलंग अंड्यावर येण्याच्या सुमारास दिसू लागतो. मोठ्या कोंबड्याही सुटत नाहीत. एक पाय पुढे व एक मागे ताणून पक्षी आडवा पडतो. ही ठेवण इतकी परिचित आहे की ती दिसली की निदान झाले असे मानले जाते. ही घाई टाळायला हवी. खात्रीचा पुरावा शवविच्छेदनात मिळतो : मांडीच्या स्नायूंखालून जाणारी मोठी तंत्रिका एका बाजूला सुजून दोन-तीन पट जाड होते आणि तिच्यावरच्या आडव्या रेषा पुसट होतात. दोन्ही बाजूंच्या तंत्रिका शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यास हा फरक साध्या डोळ्यांनाही कळतो. काही पक्ष्यांत डोळ्याचा रंगीत पडदा राखाडी होऊन बाहुली वेडीवाकडी दिसते.

लुळे पडलेल्या कोंबडीवर उपचार नाही. टर्कीच्या हर्पिस विषाणूपासून केलेली लस १९७० पासून, तर नेदरलँड्समध्ये रिस्पेन्स यांनी शोधलेला मारेक विषाणूचाच सौम्य वाण १९७२ पासून ज्ञात आहे. लस एक दिवसाच्या पिल्लाला टोचतात. ती गाठी व लुळेपणा टाळते, पण संसर्ग आणि विषाणूचे बाहेर पडणे थांबवत नाही. यावरून एक वाद उभा राहिला आहे. २०१५ मध्ये रीड व सहकाऱ्यांनी प्रयोगात दाखवले की लस दिलेले पक्षी अतितीव्र वाण पसरवूनही जगतात, तर लस नसलेले त्याच वाणाने लवकर मरतात. विषाणू तीव्र होत गेला तो लसीमुळेच, असे काही जण यावरून म्हणतात. दाट वस्तीच्या संगोपनालाही तितकेच कारण मानणारा पक्ष अधिक सावध वाटतो. बाजारातून आणलेली लसवंत पिल्ले घरच्या बिनलशीच्या पिल्लांत सोडणाऱ्याला मात्र या वादाचे व्यावहारिक टोक लगेच टोचते : बाहेरून निरोगी दिसणारा पक्षी घरात विषाणू आणू शकतो.

राणीखेत (न्यूकॅसल रोग) : ग्रामीण महाराष्ट्रात या रोगाला ‘मानमोडी’ म्हणतात, आणि हे नाव लक्षणाचे नेमके वर्णन करते. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे एकाच सुमारास साथ नोंदली गेली. भारतातील नाव कुमाऊँमधील राणीखेतवरून, एडवर्ड्स यांच्या १९२८ च्या सुमाराच्या वर्णनातून आले. रोगाचा उगम आशियात झाला असे सामान्यतः मानतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर १८९० च्या दशकाच्या अखेरीस कोंबड्यांचा सर्वनाश करणारी साथ हाच रोग असावा, असेही मत आहे. मात्र ते वर्णन मागाहून लावलेले असल्याने त्यावर भार देता येत नाही. श्वास घेताना घरघर, हिरवट पातळ विष्ठा आणि अनेक मृत्यू यांच्यामागोमाग, वाचलेल्या पक्ष्यांत मान पिळवटणे आणि पाय-पंख लुळे पडणे दिसते. पहिल्या आठवड्यात नाकात किंवा डोळ्यात लासोटा लसीचा थेंब, आणि सुमारे आठव्या आठवड्यात मुक्तेश्वर वाणाची टोचणी असा क्रम भारतात रूढ आहे.

आहारातील न्यूनता : लुळ्या कोंबडीने वैद्यकाला दिलेली सर्वांत मोठी देणगी याच गटात येते. बटाव्हिया (आताचे जाकार्ता) येथे माणसांतील बेरीबेरी या रोगाचा शोध घेत असलेले डच वैद्य एइकमान यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय १८८९ च्या सुमारास जाऊ लागले, आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. त्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला सडलेल्या, म्हणजे पॉलिश केलेल्या, तांदळाचा उरलेला भात घातला जात होता. नव्या आचाऱ्याने तो भात द्यायचे नाकारल्यावर रोग थांबला. एइकमान यांनी आधी पिष्टातील विषाचा तर्क केला होता. भाताच्या कोंड्यात शरीराला लागणारा एखादा घटक असतो, हा योग्य अर्थ १९०१ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी ख्रेइन्स यांनी लावला. एइकमान यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक हॉपकिन्स यांच्यासह मिळाले. थायामीनच्या (ब१) या न्यूनतेत कोंबडी गुडघ्यांवर बसून मान मागे टाकते व आकाशाकडे बघत राहते. कोकणात कोंबड्यांना कणी घालतात, पण मोकळ्या चरणाऱ्या पक्ष्याला किडे व पाला मिळत असल्याने तेथे हा विकार सहसा होत नाही. कोंडून ठेवून फक्त पांढरा भात घातल्यास संशय घ्यावा.

रिबोफ्लाविन (ब२) कमी पडल्यास दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लांची बोटे आत वळतात. येथेही मोठी तंत्रिका सुजते, म्हणून मारेक रोगाशी गल्लत होते. पण वय लहान असते आणि दोन्ही पाय सारखे बाधतात. लवकर जीवनसत्त्व दिल्यास पिल्लू सावरते. बोटे फार दिवस वळलेली राहिल्यास ती सुटत नाहीत. ई जीवनसत्त्वाच्या अभावी मेंदूला इजा होऊन पिल्ले तोल सोडतात. मँगॅनीज कमी झाल्यास टाचेवरून स्नायुबंध घसरतो, पण ती मोडतोड सांध्याची; तंत्रिका शाबूत असते.

विष व परजीवी : मेलेल्या जनावरात पडलेल्या अळ्या खाल्ल्याने बॉट्युलिझम ही जंतूच्या विषाची बाधा होते. त्या जंतूचे विष अळ्यांच्या अंगात साठते. १९२२ मध्ये इडा बेंग्टसन यांनी माशीच्या अळ्यांतून हा जंतू वेगळा केला होता. लुळेपणा पायांपासून सुरू होऊन पंख, मान आणि पापण्यांपर्यंत चढतो, मान मऊ दोरीसारखी लोंबते आणि पिसे ओढताच निघतात. मेलेले पक्षी पुरले नाहीत तर एकामागून एक बळी जातात. औषधी खाद्यातील मोनेन्सिन व सॅलिनोमायसिन जास्त प्रमाणात पोटात गेल्यास, आणि कीटकनाशक लावलेले बियाणे टिपल्यासही पाय जातात.

लाकडी खुराड्याच्या फटीत दिवसभर दडून रात्री रक्त पिणारी कोंबड्यांची गोचीड (आर्गस) दोन प्रकारे घात करते. तिच्या अळ्या अंगाला चिकटून राहिल्यास लाळेतील विषाने लुळेपणा येतो, आणि त्या काढल्यावर पक्षी उभा राहतो. शिवाय ती बोरेलिया अन्सेरिना हा सर्पिल जंतू पसरवते. ताप, हिरवट विष्ठा, फिकट तुरा आणि पाय जाणे ही त्याची खूण असून पेनिसिलिनने रोग हटतो. माझ्या मते परसातील लुळेपणात ही शक्यता सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते, आणि ती तपासायला रात्री बॅटरी घेऊन फटी पाहण्यापलीकडे काही लागत नाही.

इतर : एव्हियन एन्सेफॅलोमायलायटिस हा मेंदू व मज्जारज्जूचा विषाणुजन्य दाह (जोन्स, १९३२) एक ते तीन आठवड्यांच्या पिल्लांत थरथर व लुळेपणा आणतो. अडकलेल्या अंड्याच्या दाबाने तलंगेचे पाय तात्पुरते जातात. अंडी देणाऱ्या कोंबडीत कॅल्शियम संपल्यास हाडे ठिसूळ होऊन ती उभी राहत नाही.

तपासणी : वय, एका वा दोन्ही बाजूंची बाधा, एकाच वेळी किती पक्षी बाधले आणि महिन्याभरात खाद्यात काय बदलले, हे चार प्रश्न आधी विचारावेत. मेलेला पक्षी बर्फात, पण न गोठवता, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा. एका-दोन दिवसांत अनेक पक्षी मरत असतील आणि माना वळत असतील, तर मात्र पक्षी घरी फाडू नये, हलवू नये, आणि आधी दवाखान्याला कळवावे. बर्ड फ्लू अशाच रूपात येऊ शकतो, आणि भारतात त्याची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली होती.