पेशीचा आकार कोण धरतं: पटल की सांगाडा?

लातुरात नीटची तयारी करणाऱ्या पोरांना विचारा, प्राण्याच्या पेशीला आकार कशामुळे येतो? बरीच जण "पेशीपटलामुळे" म्हणतील. घोळ होतो तो वनस्पतीच्या पेशीमुळे. तिला बाहेरून सेल्युलोजची भित्तिका असते आणि ती खरोखरच आकार धरते. परभणीच्या शिवारात फुटलेल्या बोंडातला कापसाचा एकेक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच लांबलेली पेशी. पेशी केव्हाच मेलेली, भित्तिका मात्र शाबूत; तीच आपण अंगावर घालतो. प्राण्याच्या पेशीला भित्तिका नाही, तेव्हा पोरं तिचं काम पटलाच्या गळ्यात घालून मोकळी होतात.

पटल जेमतेम ७-८ नॅनोमीटर जाड, मेदाच्या रेणूंचे दोन प्रवाही थर. आत काय घ्यायचं, बाहेर काय सोडायचं हे ते बघतं. ताण सोसणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

ते काम पेशीसांगाड्याचं, म्हणजे सायटोस्केलेटनचं. नाव सांगाडा असलं तरी हाडासारखं पक्कं त्यात काही नाही. प्रथिनांचे धागे, गरजेप्रमाणे जुळणारे आणि सुटणारे. पटलालगत अॅक्टिनचे बारीक तंतू, ताण झेलायला मधले तंतू (कातडीतलं केराटिन त्यातलंच), आणि सुमारे २५ नॅनोमीटर जाडीच्या पोकळ सूक्ष्मनलिका.

खात्री करायची तर रक्तातली तांबडी पेशी बघावी. तिच्या पटलाखाली स्पेक्ट्रिन या प्रथिनाची जाळी असते, बाजेची सुतळी विणावी तशी. साबणासारख्या द्रव्यानं पटल विरघळवून टाकलं तरी ही जाळी पेशीच्या आकारातच शिल्लक राहते. उलट, जन्मतः ही जाळी कमकुवत असली की पटल असूनही पेशी गोल गोळा होते, प्लीहेत अडकून फुटते आणि रक्त कमी पडतं. माझ्या मते हा एवढा पुरावा बास आहे.

सूक्ष्मनलिकांचं काम कळायला दारातली सदाफुली पुरे. तिच्यातून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन हे औषध या नलिका जुळूच देत नाही, त्यामुळे पेशीचं विभाजन अर्ध्यात अडतं. म्हणून रक्ताच्या कर्करोगावर ते देतात. (साखरेसाठी सदाफुलीची पानं चावणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्यावं.) नसांमधल्या मज्जापेशींच्या लांब शेपट्यांनाही याच नलिका लागतात. त्यामुळे हातापायाला मुंग्या येणं हा या औषधाचा नेहमीचा त्रास.