दोन दिवसांचा गाइड

गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाला, सिरोंच्यात तासिका तत्त्वावर शिकवत पीएच.डी. करणाऱ्या मुलीला नागपूरच्या चर्चासत्रात सकाळी दहाला पोचायचं, तर आदल्या दिवशीच एसटी धरावी लागते. एवढं करून तिच्या वाट्याला येतात निबंध वाचायला सात-आठ मिनिटं, जेवणाचं कूपन आणि प्रमाणपत्र. तिचं काम आधी वाचून कोणी दोन गोष्टी सांगाव्यात, याची सोय बहुतेक ठिकाणी नसतेच.

विदर्भाला परिषदा नव्या नाहीत. भारतीय विज्ञान काँग्रेसचं अधिवेशन १९२० मध्ये नागपुरात भरलं, अध्यक्ष होते प्रफुल्लचंद्र राय. नागपूर विद्यापीठ निघालं १९२३ मध्ये. म्हणजे इथे विद्यापीठाच्याही आधी परिषद आली! पुढे १९८३ मध्ये अमरावतीला आणि २०११ मध्ये गडचिरोलीला विद्यापीठ झालं. पीएच.डी.साठी नाव नोंदवण्याचं ठिकाण जवळ आलं, पण विषय जाणणारा गाइड अजूनही कित्येकांना लांबच पडतो.

चर्चासत्रांचं पेव फुटलं ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१० च्या नियमांनंतर. प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुण मोजणाऱ्या एपीआयच्या तक्त्यात तेव्हा आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या निबंधवाचनाला १० गुण होते, राष्ट्रीयला ७.५, राज्यस्तरीयला ५. २०१६ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी दोन निबंधवाचनं सक्तीची केली. महाविद्यालयाला नॅकच्या मूल्यांकनासाठी चर्चासत्र हवं, प्राध्यापकाला गुण हवे, विद्यार्थ्याला प्रमाणपत्र. एकेका सत्रात वीस-वीस निबंध बसवले गेले. सत्राध्यक्षांनी तरी काय करावं? घंटी वाजवून पुढचं नाव पुकारण्यातच त्यांचा वेळ जायचा. प्रबंधाआधीची ती सक्ती २०२२ मध्ये निघाली, पण सत्रांची बसलेली घडी काही बदलली नाही.

त्याच्या थोडं आधीच अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांच्या संघटनेने वेगळी वाट धरली. तिच्या महिला समितीने २००४ पासून वार्षिक अधिवेशनाला जोडून दोन दिवसांची कार्यशाळा सुरू केली. काही नवख्या प्राध्यापिका आणि त्यांच्याच विषयातल्या ज्येष्ठ, असे लहान गट. एकमेकींचे निबंध वाचायचे आणि त्यावरच बोलायचं. अर्ज जास्त आले म्हणून निवड चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली, त्यामुळे निवडलेल्या आणि राहिलेल्या यांची तुलना करता आली. पाच वर्षांनी पाहिलं, तर कार्यशाळेत आलेल्यांचे प्रसिद्ध झालेले निबंध सरासरी तीनने जास्त होते. तिथली विद्यापीठं आणि आपलं तालुक्याचं कॉलेज यांची बरोबरी मी करत नाही. पण ज्याला गाइड सहा महिन्यांतून एकदा भेटतो, त्याला दोन दिवसांचं मोल जास्तच असणार, असं मला मनापासून वाटतं.

कारण मी ते पाहिलंय. एका चर्चासत्रात जेवणानंतर एक निवृत्त प्राध्यापक व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. एका विद्यार्थिनीने भीत भीत सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, पुढे केली, ‘सर, पाहून देता का जी?’ विषय होता पूर्ण विदर्भातल्या तेंदूपत्ता मजुरांचा आर्थिक अभ्यास. सरांनी तीन पानं वाचली, पेन्सिलीने ‘विदर्भ’ या शब्दाभोवती गोल केला आणि विचारलं, ‘तुझ्या गावच्या फळीवर पुडे मोजते कोण?’ फळी म्हणजे तेंदूपत्त्याचे पुडे जमा करण्याची जागा.

‘फळीमुन्शी.’

‘त्याची वही पाहिली का?’

तिने पाहिली नव्हती. मुन्शी तिच्या घरापासून चार घरं सोडून राहत होता.