पार्श्वभूमी : व्हेनिसची 'छोटी आगबोट' आणि तिचे दोन दर

व्हेनिसमध्ये पियात्साले रोमा या चौकात गाडीरस्ता संपतो आणि तिथून पुढे पाणीच. सान मार्को या मुख्य चौकाकडे निघालेल्या पाहुण्याला हमखास सल्ला मिळतो : गोंडोलाचे पैसे वाचवा, एक नंबरची बोट धरा, पाऊण तासात ग्रँड कॅनॉल हा शहराचा मुख्य कालवा बघून होतो. सल्ला खरा आहे. फक्त ही बोट बघण्यासाठी सुरू झालेली नाही.

1881 मध्ये एका फ्रेंच कंपनीने या कालव्यात वाफेच्या बोटी सोडल्या. कंपनीच्या नावातच 'ऑम्निबस', म्हणजे सर्वांसाठीची सार्वजनिक गाडी, हा शब्द होता; हेतू उघड होता. वल्ह्यावर पोट असलेल्या गोंडोलावाल्यांनी त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला संप केला. बोटी बंद झाल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नगरपालिकेनेच ही सेवा चालवायला घेतली.

नावाचा घोळ तेव्हापासूनचा. 'व्हापोरेत्तो' म्हणजे छोटी आगबोट. वाफ जाऊन डिझेल आलं तरी नाव टिकलं. कोकण किनाऱ्यावर आपल्या आगबोटीचंही हेच झालं. पाहुणे प्रत्येक सार्वजनिक बोटीला व्हापोरेत्तो म्हणतात, पण गावकरी त्यात फरक करतात : रुंद, ऐसपैस बोट ती व्हापोरेत्तो. ठेंगणी, अरुंद, कमी उंचीच्या पुलांखालून जाणारी ती मोतोस्काफो. लिदो बेटाकडे जाणारी मोठी ती मोतोनावे. त्यात एक नंबरच्या मार्गाचं जुनं नाव 'अच्चेलेरातो', म्हणजे वेग वाढवलेला. प्रत्यक्षात ही जवळजवळ प्रत्येक धक्क्यावर थांबते. शब्द इटालियन रेल्वेतून आला, तिथेही तो ठिकठिकाणी थांबणाऱ्या गाडीचाच होता. आपल्या 'फास्ट पॅसेंजर'ची आठवण यावी!

हे थांबणंच पाहुण्याच्या पथ्यावर पडतं. तरंगता धक्का करकरतो, खलाशी दोराचा वेढा खुंट्याला टाकतो, लोखंडी फाटक सरकवतो, थांब्याचं नाव पुकारतो. भाजीची ढकलगाडी घेऊन आजीबाई चढतात, तेवढ्यात समोरचा महाल निवांत बघून होतो. जुन्या बोटींत सुकाणूच्या खोलीपुढे उघड्यावर काही खुर्च्या असत. त्या मिळाल्या तर नशीब.

गर्दी वाढली तसा प्रश्न आला : एकाच बोटीत आजीबाईंना आणि पाहुण्याला एकच दर का? नगरपालिकेने उत्तर दिलं दोन दरांचं. पाहुण्याचं 75 मिनिटांचं तिकीट 2023 मध्ये साडेसात युरोंवरून साडेनऊवर गेलं. या बोटसेवेचं सवलतीचं कार्ड असलेल्याला तोच प्रवास दीड युरोत. कागदोपत्री भेद नागरिकत्वाचा नाही, कार्डाचा आहे. परगावच्यालाही कार्ड मिळतं, पण ते काढायलाच एवढे पैसे पडतात की चार दिवसांचा पाहुणा त्या वाटेला जात नाही. ही लूट आहे अशी तक्रार सतत होते. ताजमहालाच्या खिडकीवर परदेशी माणसाने मोजलेले पैसे पाहिलेल्यांनी तरी ती करू नये. शिवाय 1951 मध्ये जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसं राहत होती, 2022 मध्ये आकडा पन्नास हजारांखाली आला. जे उरलेत त्यांना निदान बोटीत जागा आणि परवडेल असं तिकीट हवंच.

25 एप्रिल 2024 पासून ठरावीक दिवशी, दिवसापुरतं येणाऱ्यांना पाच युरो प्रवेशशुल्कही लागू झालं. रात्री मुक्काम करणाऱ्यांना ते माफ आहे; बोटीचे साडेनऊ मात्र त्यांनाही चुकत नाहीत.