सिव्हिलायझेशन (संगणकीय खेळ)

संस्कृती उभारण्याचा, आळीपाळीने चाल करत खेळायचा डावपेचांचा खेळ. अमेरिकेतील मायक्रोप्रोझ कंपनीने १९९१ मध्ये तो डॉस प्रणालीच्या संगणकांसाठी बाजारात आणला. सिड मायर आणि ब्रूस शेली हे त्याचे रचनाकार. शेली मूळचे पटावरच्या खेळांच्या व्यवसायातले, तर मायर यांनी आदल्याच वर्षी रेल्वे उभारणीवरचा ‘रेलरोड टायकून’ केला होता. इ.स.पू. ४००० मध्ये वसाहतकऱ्यांची टोळी हाती घेऊन डाव सुरू होतो. प्रतिस्पर्धी सगळे संपवले किंवा अल्फा सेंटॉरी या ताऱ्याकडे धाडलेले यान सर्वांआधी पोहोचले, की डाव जिंकला. सुरुवातीला एकेका चालीत २० वर्षे सरतात.

या खेळाचे खरे मर्म लढाईत नसून जागेच्या निवडीत आहे. ८० × ५० चौकोनांचा नकाशा आरंभी जवळजवळ सगळा काळोखात असतो आणि त्यातच पहिले शहर कुठे वसवायचे ते ठरवावे लागते. शहराला स्वतःचा धरून भोवतालचे जास्तीत जास्त २१ चौकोन कसता येतात. प्रत्येक चौकोन अन्न, उत्पादन आणि व्यापार यांपैकी काही ना काही देतो आणि शहरातल्या लोकसंख्येचा प्रत्येक एकक दर फेरीला दोन अन्न खातो. समुद्राचा साधा चौकोन व्यापार दोन देतो, पण अन्न एकच आणि उत्पादन शून्य. त्यामुळे निव्वळ समुद्रावर विसंबलेल्या शहराकडे पैसा येतो, पण पोट भरत नाही आणि हातून काही उभेही राहत नाही. त्याला डोंगर, कुरणे, नदीकाठ यांची जोड लागते. आतल्या भागातली शहरे ५० उत्पादन खर्चून एकेक तांडा (व्यापाऱ्यांचा काफिला) तयार करतात. तो तांडा किनाऱ्यावरच्या शहरात पोहोचला, की ते ५० तिथल्या आश्चर्यवास्तूच्या, म्हणजे पिरॅमिडसारख्या जगप्रसिद्ध वास्तूच्या, कामी लावता येतात.

मुंबईच्या खेळाडूला हे गणित चटकन उमगते, कारण त्याचे शहर याच गणितावर वाढले. उत्तम बंदर लाभलेली, पण शेतजमीन बेताचीच असलेली सात बेटे. भराव घालून ती जोडली गेली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १८६३ मध्ये रूळ बोरघाट चढून गेले. घाटावरचा कापूस गाडीने थेट बंदरापर्यंत येऊ लागला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. दूरच्या दोन पक्षांच्या लढाईत आपल्या बंदराचे नशीब फळफळणे, हा प्रसंग खेळातही वारंवार अनुभवाला येतो.

१९९० च्या दशकात मुंबईतल्या मोजक्याच मराठी घरांत संगणक होता. जिथे होता तिथे हा खेळ बहुधा मित्राकडून फ्लॉपीवर उतरवून आणलेला असे. सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड गाठायचा, हे ठरलेलेच. पुढे सायबर कॅफे आले, तरी तासावर पैसे मोजून खेळण्याजोगा हा खेळ नव्हे. एक डाव दिवसच्या दिवस चालतो. म्हणून तो घरातच राहिला, आणि ‘एकच चाल, मग झोपतो’ हे वाक्यही.

या खेळाचे पुढे अनेक भाग निघाले. पहिल्या खेळात १४ संस्कृती होत्या. भारताचे नेतृत्व गांधीजींकडे आणि शहरांच्या यादीत दिल्लीखालोखाल बॉम्बे. कोल्हापूरही त्या यादीत आहे. संगणकाच्या आकडेमोडीतल्या चुकीमुळे गांधीजी अण्वस्त्रे टाकत सुटत, ही कथा जगभर पसरली. मायर यांनी २०२० मधील आत्मचरित्रात तशी चूक कधीच नव्हती, असे स्पष्ट केले. पाचव्या भागात (२०१०) मात्र रचनाकारांनी त्या आख्यायिकेलाच धरून गांधीजींचा अण्वस्त्रांकडे कल मुद्दाम वाढवला. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला, त्या शहरात ही थट्टा रुचणे कठीण आहे. याहून मोठी उणीव अशी, की हजारो वर्षांचा भारत एकाच साच्यात बसवला गेला. पहिल्या सहा भागांत मराठा सत्ता स्वतंत्र संस्कृती म्हणून खेळता येत नाही. आरमार, डोंगरी किल्ले आणि चपळ घोडदळ एकत्र बाळगणारी ही सत्ता अशा खेळाला किती शोभली असती! सातव्या भागात (२०२५) मौर्य, चोळ आणि मुघल वेगळे झाले आणि नंतरच्या जोड-संचातून झाशीची राणी लक्ष्मीबाई नेत्यांमध्ये आली.

दुसरा भाग १९९६ चा. तिसऱ्यापासूनची निर्मिती मायर यांच्या फिरॅक्सिस कंपनीची. पाचव्या भागात चौकोनांऐवजी षटकोन आले आणि एका षटकोनात एकच लढाऊ तुकडी हा नियम आला. त्याने लढाया पार बदलल्या.

प्रदूषणामुळे हवामान बिघडते आणि सुपीक जमीन नासते, हे पहिल्याच खेळात होते. सहाव्या भागाच्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या २०१९ च्या विस्तारात समुद्राची पातळी टप्प्याटप्प्याने वाढते. किनाऱ्यालगतचे सखल चौकोन आधी पाण्याखाली येतात, मग कायमचे बुडतात. ते वाचवायला शहराभोवती पूररोधक भिंत बांधता येते. सखल चौकोन जितके जास्त आणि पाणी जितके चढलेले, तितका तिचा खर्च वाढतो.