बर्लिनमध्ये डॉइचलांड-तिकीट : अर्ज नेमका कुठे अडतो?

बर्लिनला शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या लोकांचा पहिल्याच महिन्यात प्रश्न येतो, "तिकिटाचा अर्ज नामंजूर झाला, आता काय करू?" डॉइचलांड-तिकीट म्हणजे जर्मनीभर चालणारं सार्वजनिक वाहतुकीचं मासिक तिकीट. खरं तर त्याला पात्रतेची अट जवळजवळ नाहीच. नागरिकत्व लागत नाही, पर्यटकालाही ते मिळतं. जानेवारी 2026 पासून महिन्याला 63 युरो. त्यात यू-बान (मेट्रो), एस-बान (उपनगरी रेल्वे), ट्राम, बस आणि देशभरातल्या प्रादेशिक गाड्या येतात. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या नाहीत. विमानतळ सी झोनमध्ये, म्हणजे शहराबाहेरच्या भाडे-पट्ट्यात असला तरी वेगळं तिकीट लागत नाही.

घोडं अडतं ते पैसे भरताना. हे तिकीट दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं, म्हणून तिकीट विकणाऱ्या बहुतेक कंपन्या बँक खात्यातून परस्पर पैसे वळते करतात आणि त्यासाठी आयबान, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खाते क्रमांक मागतात. भारतातल्या खात्याला आयबान नसतो. जर्मन खातं उघडायला गेलात तर अनेक बँका पत्त्याच्या नोंदणीचा, म्हणजे आनमेल्डुंगचा कागद मागतात. त्या नोंदणीला घरमालकाच्या सहीचा दाखला हवा : वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नुसता भाडेकरार चालत नाही, आणि नेमका हाच दाखला कुणाजवळ नसतो. खोली पक्की करण्याआधीच विचारा, "हा दाखला देणार ना?" पोटभाडेकरू म्हणून राहणार असाल तर नक्कीच विचारा.

तोवर क्रेडिट कार्ड घेणारं ॲप शोधा. दुसऱ्या युरोपीय देशाचा आयबान असेल तर तोही चालायला हवा. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे केवळ देशावरून तो नाकारता येत नाही. तरीही काही फॉर्म जर्मन आयबानशिवाय पुढे सरकत नाहीत, ही सरळसरळ त्या कंपन्यांची चूक आहे. काही कंपन्या पतही तपासतात. नुकत्याच आलेल्या माणसाची पत-नोंद कुठून असणार? असा नकार आला तर घाबरू नका. तुम्ही अपात्र ठरलेला नाहीत. तेच तिकीट त्याच किमतीत दुसऱ्या कंपनीकडे मागा.

नाव पासपोर्टप्रमाणेच भरा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव अनेकदा पासपोर्टवर पहिल्या नावाच्याच रकान्यात असतं. ते गाळलं तर तपासणीच्या वेळी उगाच वाद होतो. तिकिटासोबत फोटो असलेलं अधिकृत ओळखपत्र जवळ लागतंच.

आता तारीख. तिकीट कॅलेंडर महिन्याचं असतं, 30 दिवसांचं नव्हे. 20 तारखेला घेतलेलं तिकीट महिनाअखेरीस संपतं आणि पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. ज्या महिन्याअखेरीस बंद करायचं असेल त्याच महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवा. 11 तारखेला कळवलंत तर आणखी एका महिन्याचे 63 युरो गेले. मायदेशी परतणाऱ्यांनी विमानाचं तिकीट काढतानाच ही तारीख लिहून ठेवावी.

विद्यार्थ्यांनी आधी विद्यापीठाला विचारावं. सेमिस्टरच्या शुल्कात सवलतीचं तिकीट असेल तर वेगळं काढू नका. सगळ्याच खाजगी संस्थांत ही सोय नसते.

स्थानकांवर फाटकं नाहीत, म्हणून तिकिटाकडे दुर्लक्ष करू नका. तपासनीस साध्या कपड्यांत डब्यात चढतात. तिकिटाचा स्क्रीनशॉट चालत नाही आणि दंड 60 युरो आहे. तिकीट होतं पण मोबाइल बंद पडला, असं झालं तर आठवड्याच्या आत ते दाखवा. 7 युरोंवर भागतं.