एअर इन्टेक किट: एका किलोपास्कलचा हिशोब

एअर इन्टेक किट म्हणजे कंपनीचा हवेचा फिल्टर आणि पाइप काढून त्यांच्या जागी बसवायचा, कमी अडथळ्याचा संच. त्याने ताकद आणि ॲव्हरेज वाढतं, असं सांगतात. ते कितपत खरं, हे बघण्यासाठी १.२ लिटरचं, टर्बो (हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर) नसलेलं साधं पेट्रोल इंजिन घेऊ. स्विफ्ट, आय-टेन, टियागोच्या वर्गातलं, ८० बीएचपीच्या (अश्वशक्तीच्या) आसपासचं. ६,००० आरपीएमला (मिनिटाला ६,००० फेऱ्यांना) ते किती हवा ओढतं? फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच भरतो, म्हणजे मिनिटाला १.२ गुणिले ३,०००, एकूण ३,६०० लिटर. सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत, ८५ टक्के धरू. उरतात ३,०६० लिटर, म्हणजे सेकंदाला ५१ लिटर आणि वजनात ६० ग्रॅमच्या जवळपास.

ही हवा तोंडाकडचा पाइप, फिल्टरचा डबा, पेपर फिल्टर आणि पुढचा रबरी पाइप असं करत थ्रॉटलपर्यंत, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की उघडणाऱ्या झडपेपर्यंत येते. वाटेत तिचा दाब थोडा पडतो. फिल्टर स्वच्छ असेल तर फुल थ्रॉटलला रेडलाइनजवळ (इंजिनाच्या कमाल आरपीएमजवळ) ही घट सहसा एक ते अडीच किलोपास्कल असते. बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कल. म्हणजे दोन किलोपास्कलची वाट पूर्ण मोकळी केली, अगदी फिल्टरच काढून फेकला, तरी हवा दोन टक्के जास्त मिळणार आणि ताकद दीड बीएचपीने वाढणार. कोणतंही किट अडथळा शून्यावर आणत नाही, निम्मा कमी केला तरी पुष्कळ. मग हाती लागतो पाऊण-एक बीएचपी.

तोही फक्त वरच्या आरपीएमला. पाइपातली दाबघट साधारणपणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे ३,००० आरपीएमला प्रवाह निम्मा आणि घट पावपट. शहरात तर आपण पाय अर्धवटच दाबतो. थ्रॉटलची झडप बरीचशी बंद असते आणि तिच्यामागे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) दाब ३० ते ५० किलोपास्कलवर आलेला असतो. चालकाने स्वतःच ५०-७० किलोपास्कलचा अडथळा उभा केलेला असताना फिल्टरवरच्या अर्ध्या किलोपास्कलने काय फरक पडणार? इन्टेक किटमुळे ॲव्हरेज वाढतं या दाव्याचं उत्तर इथेच मिळतं. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली याच्या उलट टोकाची चाचणी केली होती. आधुनिक फ्यूल इंजेक्शनच्या गाड्यांचे फिल्टर मुद्दाम तुंबवले, तरी इंधनाच्या खपात लक्षणीय फरक पडला नाही. पिकअप मात्र ६ ते ११ टक्क्यांनी मंदावला. ‘किट लावल्यावर गाडी पळायला लागली’ असं सांगणाऱ्याला आधीचा फिल्टर किती जुना होता, हे म्हणूनच विचारावं. काही शे रुपयांच्या नव्या पेपर फिल्टरनेही ती तेवढीच पळाली असती.

आता तापमान. बाजारात ज्याला सरसकट ‘कोल्ड एअर इन्टेक’ म्हणतात, ते बऱ्याचदा बॉनेटखाली उघडाच ठेवलेला कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर असतो. कंपनीच्या डब्याचं तोंड मुद्दाम ग्रिलच्या मागे किंवा हेडलाइटच्या शेजारी नेलेलं असतं, बाहेरची हवा मिळावी म्हणून. कोन फिल्टर ओढतो ती रेडिएटर आणि एक्झॉस्टवरून आलेली हवा. ट्रॅफिकमध्ये बाहेर ३२ अंश असताना बॉनेटखाली ६० अंश सहज होतात. ३२ अंशांवरून ६२ वर गेल्यास हवेची घनता नऊ टक्के घटते. पोर्टच्या आणि व्हॉल्व्हच्या गरम धातूने हवा तशीही तापतेच, त्यामुळे ताकदीतली घट घनतेएवढी नसते, साधारण निम्मी असते. डायनोवर (गाडीची ताकद मोजण्याच्या यंत्रावर) मिळालेला आकडा हवामानानुसार दुरुस्त करण्याच्या एसएई सूत्रात तापमानाचं वर्गमूळ घेतात ते यासाठीच. तरीही साडेचार टक्के म्हणजे साडेतीन बीएचपीहून जास्त. वर गरम हवेने नॉकिंगचा (मिश्रण आपोआप, अवेळी पेटण्याचा) धोका वाढला की ईसीयू (इंजिनाचा संगणक) टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो, तो तोटा वेगळा.

गाडी हायवेला लागली की एक-दोन मिनिटांत हा फरक बराच उतरतो. सिग्नल सुटताना किंवा घाटात ट्रकच्या मागे रखडून मग ओव्हरटेक करताना तो सर्वाधिक असतो, म्हणजे ताकद हवी असते नेमकी तेव्हा. ॲल्युमिनियमच्या पाइपाला मात्र उगाच दोष देतात. ७० मिलिमीटरच्या पाइपातून सेकंदाला ५१ लिटर हवा जाते तेव्हा तिचा वेग सेकंदाला १३ मीटर असतो. अर्धा मीटर पाइप ती सेकंदाच्या पंचविसाव्या भागात ओलांडते, तापायला सवडच नाही. आयडलिंगला तापते, पण तेव्हा ताकद कोणाला हवी असते?

समोरून येणारा वारा हवा आत ढकलतो, हाही एक लोकप्रिय समज. ताशी १०० किलोमीटरला वाऱ्याचा पूर्ण दाब ०.४५ किलोपास्कल भरतो, अर्धा टक्कासुद्धा नाही. तुलनेसाठी, मुंबईहून ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात आलं की हवेचा दाब साडेसहा टक्के कमी होतो. तेवढी ताकद खंडाळ्याच्या घाटात आपण मुकाट्याने सोडून येतो.

मग डायनोच्या कागदावर पाच-सात बीएचपी वाढलेले दिसतात ते कसे? डायनोवर बॉनेट उघडं असतं आणि समोर मोठा पंखा, त्यामुळे कोन फिल्टरला गार हवा मिळते. रस्त्यावरचा तोटा तिथे दिसतच नाही. शिवाय त्याच गाडीच्या लागोपाठच्या दोन रनमध्येही एक-दोन टक्के फरक पडतो. नव्या पेपर फिल्टरवर तीन रन, किटवर तीन रन, त्याच दिवशी, बॉनेट बंद आणि इंजिन सारखंच तापलेलं, एवढ्या अटी पाळल्या असतील तरच तो कागद बघावा.

खर्च करण्याआधी आपल्या गाडीत खरोखर अडथळा आहे का, हे घरी मोजता येतं. सहा मिलिमीटरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा पाइप चार-पाच मीटर आणा. त्याचा यू आकार करून पट्टीवर बांधा, दोन्ही बाजू किमान ७५ सेंटीमीटर उंच. निम्म्या उंचीपर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक मोकळं ठेवा. दुसरं टोक फिल्टर आणि थ्रॉटल यांच्यामधल्या पाइपाला जोडा. इंजिनाच्या डोक्यावरून येणारा ब्रीदर होज तिथे ज्या निपलवर बसतो, तिथे टी (तीन तोंडांचा जोड) लावून काम होतं. मधे एक रिकामी बाटली घालायला विसरू नका, नाहीतर पाणी इंजिनात ओढलं जाईल. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ३,००० ते ६,००० पर्यंत फुल थ्रॉटल द्या आणि शेजारी बसलेल्याला पाण्याच्या पातळ्यांचा व्हिडिओ काढायला सांगा. दोन पातळ्यांतलं अंतर १०२ मिलिमीटर असेल, तर दाबघट एक किलोपास्कल. मग धूळ नसलेल्या रस्त्यावर फिल्टर काढून, डबा बंद करून, एकच रन घ्या. समजा फिल्टरसह १५० मिलिमीटर आणि फिल्टरविना ११० आले, तर फिल्टरचा वाटा ४० मिलिमीटर, म्हणजे ०.४ टक्के. तेवढ्यासाठी काही हजार मोजायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आवाजाचं मात्र खरं आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीत दोनदा हवा ओढली जाते, म्हणून ३,००० आरपीएमला १०० हर्ट्‌झचे ठोके पाइपातून बाहेर येतात. कंपनीच्या पाइपाला लटकलेला रिकामा डबा, ज्याला पुष्कळ जण निरुपयोगी समजतात, तो या ठोक्यांचा आवाज मारणारा रेझोनेटर असतो. तो काढला की इंजिन दमदार गुरगुरतं आणि कान सांगतो, गाडी जोरात आहे. आवाज हवा म्हणून कोणी किट घेत असेल, तर तो सौदा निदान प्रामाणिक आहे.

बसवताना गोंधळ होतो तो बहुतेक एअरफ्लो सेन्सरपाशी. ज्या गाड्यांत हा सेन्सर आहे (बऱ्याच मारुतींत नसतो, त्या मॅनिफोल्डचा दाब मोजून हवेचा अंदाज घेतात), तिथे पाइपाचा आतला व्यास कळीचा. सेन्सर पाइपाच्या छोट्याशा भागातला प्रवाह मोजतो आणि ईसीयू मूळ व्यास गृहीत धरून एकूण हवा ठरवतो. मूळ व्यास ६० मिलिमीटर आणि किटचा ६६ असेल, तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं आणि तीच हवा सेन्सरला १७ टक्के कमी दिसते. पेट्रोल कमी पडतं. साध्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू ते भरून काढतो. मर्यादा संपली की चेक इंजिन लाइट लागते आणि स्कॅनरवर पी०१७१ हा पेट्रोल कमी पडत असल्याचा कोड दिसतो. फुल थ्रॉटलला तो बहुधा ठरलेल्या तक्त्यावर चालतो आणि तिथे लीन (पेट्रोल कमी असलेलं) मिश्रण इंजिनाला महाग पडतं.

म्हणून सेन्सर मूळ व्यासाच्या नळीतच बसवा, त्यावरचा बाण इंजिनाकडे ठेवा, आतल्या तारेला बोट लावू नका. ब्रीदर होज परत जोडा. तो मोकळा राहिला की न मोजलेली, न गाळलेली हवा आत जाते. काम झाल्यावर ओबीडी डोंगल (ईसीयूतले आकडे दाखवणारं छोटं उपकरण) लावून १०० किलोमीटरनंतर लाँग टर्म फ्यूल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये सतत करत असलेली दुरुस्ती, बघा. आधीच्या आकड्यापेक्षा पाच-सात टक्क्यांहून जास्त हलला असेल, तर गळती किंवा व्यास तपासा. तेलाचा कॉटन फिल्टर असेल तर धुऊन सावलीत पूर्ण वाळवा आणि तेल बेताने लावा. जास्त तेल उडून सेन्सरच्या तारेवर बसलं की रीडिंग बिघडतं.

धुळीचा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो. लिटरला १५ किलोमीटर धरले तर १०,००० किलोमीटरमध्ये हे इंजिन सुमारे ६३ लाख लिटर हवा ओढतं. रस्त्याच्या धुळीत सिलिका असते आणि पिस्टन रिंगा घासायला ती पुरेशी कठीण आहे. चांगला पेपर फिल्टर ९९ टक्के किंवा अधिक धूळ अडवतो. समजा किटचा फिल्टर ९७ टक्के अडवतो. ऐकायला फरक दोन टक्क्यांचा, पण १०० ग्रॅम धुळीतली एक ग्रॅमऐवजी तीन ग्रॅम आत गेली, म्हणजे तिप्पट. बॉक्सवर ‘हाय फ्लो’ लिहिलेलं असतं. आयएसओ ५०११ चाचणीतली गाळणक्षमता दिली आहे का, ते शोधा.

खऱ्या अर्थाने गार हवा घेणारी किट फिल्टर खाली, बंपरच्या मागे किंवा चाकाच्या कमानीत नेतात. तापमान सुधारतं, पण पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर फिल्टर पाण्यात जातो. एका सिलिंडरची क्षमता ३०० सीसी आणि कॉम्प्रेशन ११:१ धरलं, तर पिस्टन वर असताना उरलेली जागा ३० सीसी. म्हणजे दोन मोठे चमचे पाणी. ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन नसेल तर हा खर्च विम्यात सहसा मिळत नाही आणि न कळवलेला बदल दिसला तर वाद वाढतो. कायद्यापुरतं एवढंच, की मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली परवानगी नसलेल्या रेट्रोफिटिंगला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे.

टर्बो इंजिनाचं गणित थोडं वेगळं. कंपनीचा मूळ ईसीयू ठरलेला बूस्ट (टर्बोने दिलेला जादा दाब) गाठतोच, फिल्टरपाशी थोडा अडथळा असला तर वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून एक्झॉस्ट सोडणारी झडप) त्या मानाने बंद ठेवून. म्हणून नुसत्या किटने इथेही फारसं काही होत नाही. रिमॅप करून (ईसीयूचा प्रोग्राम बदलून) हवेचा प्रवाह २५ टक्क्यांनी वाढवला, की तोच मूळ पाइप ५६ टक्के जास्त दाब खातो आणि टर्बोला जास्त राबावं लागतं. तिथे मोठा फिल्टर आणि रुंद पाइप यांना अर्थ आहे. उष्णतेचा त्रासही कमी, कारण कॉम्प्रेसरने तापवलेली हवा पुढे इंटरकूलर गार करतोच. मात्र फिल्टर बंद डब्यात आणि बाहेरच्या हवेवर असावा.

मूळ पेपर फिल्टरच ठेवायचा असेल, तर गॅरेजमध्ये त्याला हवा मारून घेऊ नका. कॉम्प्रेसरच्या जोरदार झोताने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात, आणि कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर तर गाळायला उलट मदतच करतो. फिल्टर हलक्या हाताने आपटून सैल धूळ झाडा, बल्बसमोर धरून घड्यांमधून प्रकाश येतो का बघा, आणि कडेची रबरी पट्टी बोटाने चाचपा. पट्टी कडक झाली असेल किंवा डब्याच्या आतल्या, स्वच्छ बाजूला बोटाला धूळ लागत असेल, तर किलोमीटर किती झाले ते न बघता फिल्टर बदला.